सातवं बोळकं

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मागच्या पडवीत लंगोट धूत बसले होते. दहा वाजेपर्यंत अकरा झाले. बारावा घेऊन वेणूअक्का दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नलू, हा हिरवा आहे."

मी हात पुसत आत धावले. मुकुंद सात महिन्यांचा होता. आदल्या रात्रीपर्यंत पाळण्याच्या कडा धरून उठू बघणारं पोर पाय पोटाशी घेऊन रडत होतं, आणि रडता रडता मधेच थांबून आढ्याकडे बघत होतं. मला त्या थांबण्याचीच भीती वाटली.

हरणगावात आमच्या घराला वैद्यांचं घर म्हणत. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणे, ओसरीवर औषधालय चालवत. बारा गावांतून माणसं येत. जुलाब, मुरडा, ताप, काहीही असो, मामंजी आधी खाणं बंद करायचे. "माझं औषध निम्मं, रिकामं पोट निम्मं," असं म्हणायचे. लंघनाचे वैद्य म्हणून त्यांचं नाव होतं. नाकही तसंच. ओसरीवर बसून, आत शेगडीवरचा कुठला काढा लागायला आलाय ते नुसत्या वासावरून सांगत.

त्यांनी बाळाच्या पोटावर दोन बोटं ठेवली, डोळे पाहिले, आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना सांगितलं की अंगावरचं दूध बंद. सणाचं पुरण आईच्या पोटात गेलं, दूध जड झालं, तेच पोराला बाधलंय. तीन दिवस लंघन. कोमट पाणी आणि सकाळ-संध्याकाळ सहाणेवर उगाळलेल्या मात्रेचे दोन वळसे. याउपर तोंडात काही जाता कामा नये.

"इतक्या लहानाला?" सासूबाई म्हणाल्या.

"लहानाला म्हणूनच तीन दिवस. मोठा असता तर पाच सांगितले असते."

सासूबाई पुढे बोलल्या नाहीत. त्या कधीच पुढे बोलत नसत. मीही नाही बोलले. वीस वर्षांची होते, आणि ज्यांच्या शब्दावर बारा गावं चालतात त्यांच्या घरात मी काय बोलणार. दर तीन तासांनी छाती भरून यायची, मी न्हाणीत जाऊन वाटीत दूध काढायची आणि परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतून यायची. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत असायचा आणि मी केळीला दूध घालत असायची.

घरात आम्ही चारच मोठी माणसं. मामंजी, सासूबाई, मी, आणि थोरल्या जाऊबाई वेणूअक्का. माझे यजमान कोयनेच्या धरणावर कारकून होते, पंधरा दिवसांनी यायचे. अक्कांचे यजमान पुण्याला नोकरीला, तिथे एका खोलीत चार जण मिळून राहायचे, त्यामुळे अक्का आठ वर्षं इथेच. त्यांना मूल नव्हतं. औषधालयाच्या आतली सगळी कामं त्यांच्याकडे होती. काढे त्याच उकळायच्या, खलात औषधं त्याच कुटायच्या, पाटीवर मामंजींनी लिहिलेल्या नावांप्रमाणे त्या दिवसाची बोळकी लांब शेगडीवर मांडायच्या आणि प्रत्येकाच्या गळ्याला नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधायच्या.

बाळाला पाणी पाजायला आमच्या घरातलं जुनं चांदीचं बोंडलं होतं. चोच असलेली लहानशी वाटी, एका अंगाला पोचा आलेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी पाणी पाजायला ते फळीवरून काढलं तर आतून ओलं. मी तर दुपारी पुसून पालथं घातलं होतं. चोचीत बोट घालून पाहिलं. बोटाला पांढरट, चिकटसा थर लागला.

कुणीतरी माझ्या बाळाला काहीतरी पाजलं होतं.

आता हे सांगायला हवं की संशय माझ्या मनात त्या संध्याकाळी आला नाही. तो आधीच येऊन बसला होता, त्याला फक्त त्या संध्याकाळी बसायला पाट मिळाला. बारशाला शेजारच्या काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "पाळण्यात घालायला थोरलीला पुढे करू नकोस गं बाई. मी काही म्हणत नाही. पण आठ वर्षं झाली." त्या बाई दारात आल्या की नेहमी म्हणायच्या, तुमच्याकडे औषधाशिवाय दुसरं काही शिजतं की नाही, आणि स्वतःच हसायच्या. त्यांच्या बोलण्याला कुणी भाव देत नसे. मी दिला. बारा दिवस अक्कांनी बाळाला हात लावला नाही, तेव्हा मला वाटलं, मनात काहीतरी असणार म्हणूनच. तेराव्या दिवशी त्यांनी त्याला उचललं आणि सोडेचनात, तेव्हाही मला तेच वाटलं.

आणि त्या पांढऱ्या थराने मला एक गोष्ट आठवली. श्रावणात अक्कांनी जमालगोटा शुद्ध केला होता. जमालगोट्याच्या बिया फडक्यात बांधून दुधात उकळायच्या, त्यांचा जहालपणा दुधात उतरतो, मग ते दूध लांब खड्ड्यात ओतून द्यायचं, कुत्र्यालाही चाटू द्यायचं नाही. मी माहेराहून आलेली, मला हे नवीन होतं. मी विचारलं होतं, हे दूध कुणी प्यायलं तर काय होईल. अक्का हसून म्हणाल्या होत्या, "घरातले सगळे लंगोट कमी पडतील."

तेव्हा मीही हसले होते.

दुसऱ्या दिवशी मी बोंडल्याला खूण केली. पोचा भिंतीकडे करून फळीवर ठेवलं आणि आंघोळीला गेले. परत आले तर पोचा माझ्याकडे. पुन्हा आतून ओलं. मी नाकाशी धरलं, वास नाही. शेवटी जिभेचं टोक लावलं. किंचित खारट, किंचित गोडसर. मी तशीच धावत परसात गेले, थुंकले, चार चुळा भरल्या आणि जोत्यावर बसून माझ्या पोटात काही होतंय का याची वाट बघत राहिले. काही झालं नाही. त्याने माझं समाधान झालं नाही. एवढ्या मोठ्या बाईला जिभेच्या टोकाने काय होणार, होणार ते त्या एवढ्याशा जिवाला.

जुलाब थांबले नव्हते. सात-आठ तरी होत होते. डोळे आत गेले होते. पण लंगोट मधूनमधून नुसता शूचाही ओला यायचा, आणि रडायला त्याला थोडा आवाज उरला होता. हे आज आठवतं. तेव्हा मला त्याच्यात फक्त जाणारं दिसत होतं, येणारं काही दिसत नव्हतं.

मी अक्कांच्या मागावर राहिले. स्वयंपाकघरात काही न काही काम काढून बसायची. त्या दिवशी पाटीवर सहा नावं होती. शेगडीवर बोळकी सात. मी दोनदा मोजली. सातव्याच्या गळ्यात दोरा होता, चिठ्ठी नव्हती.

"हे कुणाचं, अक्का?"

"आहे एकाचं."

"चिठ्ठी नाही ती?"

"पडली असेल."

मी झाकणाला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही. "वाफ लागेल," म्हणाल्या, आणि ते बोळकं उचलून शेगडीच्या पार मागच्या कोपऱ्यात ठेवलं. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, अक्कांकडे, मग माझ्याकडे, आणि परत भाजीत मान घातली. मला वाटलं, या घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

त्यानंतर मी बाळाला कुणाकडे द्यायचंच बंद केलं. सासूबाई हात पुढे करायच्या, म्हणायच्या, दे, घटकाभर पाठ टेक. मी म्हणायची, राहू दे, माझ्याचकडे शांत असतो. तो शांत नसायचा. पण न्हाणीत दूध काढायला जावंच लागे, आंघोळीला जावं लागे, आणि दर वेळी मी परत आले की बोंडलं फिरलेलं असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पोट तपासलं आणि लंघन आणखी दोन दिवस वाढवलं. मी ऐकून न्हाणीत गेले. वाटीत नेहमीपेक्षा निम्मंच दूध आलं. माझं दूध आटत चाललं होतं, आणि पोराच्या पोटात कुणीतरी काहीतरी ओतत होतं. केळीशी न जाता मी तशीच परत फिरले. बाळाच्या खोलीतून अक्का बाहेर पडत होत्या. पदराने हात पुसत होत्या. पदराच्या काठाला पांढरा डाग होता, ओला.

मी त्यांचा पदर धरला. तसाच धरून त्यांना ओसरीच्या दारापर्यंत नेलं. मामंजी पुड्या बांधत होते. सुदैवाने त्या वेळी रोगी कुणी नव्हता. सासूबाई देवाजवळ वाती वळत बसल्या होत्या, तिथून आम्ही तिघं त्यांना दिसत होतो.

"अक्कांना विचारा, बाळाला काय पाजलं ते," मी म्हणाले.

मामंजींनी पुडी खाली ठेवली. "वेणू, काही दिलंस?"

अक्का देवघराकडे बघत होत्या. सासूबाईंच्या हातातली वात वळून पूर्ण झाली होती तरी त्या ती वळतच होत्या.

"हो," अक्का म्हणाल्या.

"काय दिलंस?"

अक्कांची नजर देवघरावरून हलली नाही.

मग मी बोलले. तो शब्द मी दोन दिवस तोंडात घोळवत होते, तो असा बाहेर पडला जसा काही रोजचाच आहे. "जमालगोट्याचं दूध."

आतून शेगडीवरचा काढा रटरटताना ऐकू आला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी ओळखीचं माणूस रस्त्यात अचानक परक्या भाषेत बोलायला लागलं तर आपण जसं पाहू तसं.

मामंजी उठले, आत जाऊन जहाल औषधांच्या कपाटाचं कुलूप काढलं, बरणी तपासली. परत येताना अक्कांच्या शेजारी क्षणभर उभे राहिले. "बिया जागच्या जागी आहेत," म्हणाले. "पण माझ्या रोग्याला मला न विचारता काही देणारं माणूस मला या घरात चालणार नाही. ती सून असली तरी. दुपारच्या एसटीनं भावाकडे जा. तुझ्या नवऱ्याला मी पत्र घालतो."

काय दिलं हे त्यांनी परत विचारलं नाही. हे किती वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

अक्कांनी बोचकं बांधलं. काकूंचे दीर कराडला निघाले होते, त्यांची सोबत मिळाली. काकू दोन घरं सोडून अंगणात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्या क्षणी मला त्यांचा राग आला. का ते मला कळलं नाही. अक्का सासूबाईंच्या पाया पडल्या. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग माझ्याजवळ येऊन अक्का एवढंच म्हणाल्या, "बोंडलं उकळत्या पाण्यातून काढत जा. नुसतं पुसून भागत नाही."

मला तो टोमणा वाटला.

त्या रात्री मी निर्धास्त झोपले, हे सांगायला आज लाज वाटते. चौथ्या दिवशी सकाळी मी बोंडलं उकळलं, टोमणा म्हणूनच उकळलं, पुसलं, पोचा भिंतीकडे करून ठेवलं. आंघोळ करून आले. पोचा माझ्याकडे होता.

मी ते हातात घेतलं. आत पांढरा थर. कोमट.

अक्का कराडला. मामंजी ओसरीवर, त्यांच्यापुढे रांग लागलेली. मी तिथेच, फळीखाली, जमिनीवर बसले. तीन दिवसांत मी एकदाही मोजणीत न धरलेलं माणूस या घरात एकच होतं.

मी स्वयंपाकघरात डोकावले. शेगडीवर काढे आता सासूबाईच बघत होत्या. पाटीवर पाच नावं. बोळकी सहा.

दुपारी जेवणं झाली. मामंजी डाव्या कुशीवर आडवे झाले, ती त्यांची रोजची अर्ध्या तासाची झोप. मी मोठ्याने म्हणाले, मी न्हाणीत जाऊन येते. न्हाणीत गेले नाही. बाळाच्या खोलीत दांडीवर दुपटी वाळत घातली होती, त्यांच्यामागे भिंतीला चिकटून उभी राहिले.

सासूबाई आल्या. बाहेर हात धुऊन आल्या होत्या, दोन्ही हात पदराला न लावता वर धरलेले. दार लोटलं. पदराखालून बोळकं काढलं, बोंडल्यात ओतलं, मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून बघितला. मग मांडी घालून बसल्या, मुकुंदला घेतलं आणि चोच त्याच्या ओठाला लावली.

त्या आवाजाची मला अजून आठवण आहे. घोट घेण्याचा आवाज. त्या चार दिवसांत मात्रा थुंकणारं, पाण्याला तोंड फिरवणारं पोर, दोन्ही हातांनी बोंडलं धरून घटाघटा पीत होतं.

"सावकाश, माझ्या राजा," सासूबाई म्हणाल्या. "पळून नाही जात. सावकाश."

मी दुपटं बाजूला केलं.

त्या दचकल्या नाहीत. चोच बाळाच्या तोंडातून काढलीही नाही. "सांगायचं असेल तर जा, उठव त्यांना," म्हणाल्या. "पण एवढं बोंडलं पुरं होऊ दे."

"काय आहे ते?"

"तांदळाची पेज. मीठ आणि एवढीशी साखर. वेणू शिजवायची, मी पाजायची. मला उशीर झाला की तीच पाजायची. काल झाला."

मी त्यांच्यासमोर बसले. जे आधी तोंडात आलं ते विचारलं. "पण लंघन…"

"माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आणखी एक मुलगा झाला होता हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "असेच जुलाब. यांनी नुकतं औषधालय घातलं होतं. औषध बरोबर दिलं. सहा दिवस लंघन केलं. सहाव्या दिवशी जुलाब थांबले, यांनी गावात सांगितलं, बरा झाला. सातव्या दिवशी गेला." त्यांनी बोंडलं थोडं तिरपं केलं, शेवटचा घोट यायला. "चार बोटं तोंडात घालून चोखत होता. ती तशीच राहिली. मला ती काढावी लागली."

बाहेर मामंजींचा श्वास संथ चालला होता.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हणाले.

"तुझ्या तोंडावर सगळं उमटतं, नलू. तुला कळलं की ओसरीवर कळलं. आणि वैद्याच्या घरातच वैद्याचं औषध पाळत नाहीत हे एकदा बाहेर पडलं की यांच्याकडे कोण येणार? तरी मी आले होते तुझ्याजवळ. चार वेळा हात पुढे केले. तू पोराला पदराखाली झाकलंस. माझ्यापासून."

"आणि अक्कांनी का नाही सांगितलं? ओसरीवर. मी एवढं बोलले तेव्हा."

सासूबाईंनी बाळाचं तोंड पदराने टिपलं. "मी सांगेन म्हणून ती थांबली होती," त्या म्हणाल्या. "मी वाती वळत बसले."

मग त्यांनी मुकुंदला माझ्या मांडीवर दिलं. "घे. पाज. अजून असेल थोडंफार. नुसत्या पेजेवर किती दिवस काढणार तो. भिंतीकडे तोंड करून बस, मी दारात बसते."

मी पाजलं. दूध फारच कमी होतं, पण तो ओढत राहिला, आणि ओढता ओढता यायला लागलं.

तेवढ्यात मामंजींचं खाकरणं ऐकू आलं. पाण्याचा तांब्या वाजला. सासूबाईंनी बोळकं आणि बोंडलं पदरात घेतलं. मी चोळी सारखी केली. मामंजी दारात आले.

"काही दिलं नाही ना पोराला?"

सासूबाई खाली बघत होत्या. आदल्या दिवशी ओसरीवर हाच प्रश्न होता, फक्त दुसऱ्या बाईला. मला वाटलं, आता खरं बोलले तर अक्का उद्याच्या एसटीनं घरी येतील. आणि मुकुंदचं बोंडलं परत पालथं पडेल.

"नाही, मामंजी," मी म्हणाले. "पाण्याशिवाय काही नाही."

ते वाकले, पोटावर दोन बोटं ठेवली. पोट मऊ होतं. मुकुंदने त्यांचं बोट धरलं. "पाहिलंस?" ते म्हणाले. "रिकामं पोट." आणि ओसरीवर गेले.

दोन दिवसांत जुलाब थांबले. आठवड्याने मुकुंद पाळण्याच्या कडा धरून उभा राहिला.

पुढचं थोडं आहे. मामंजी पुढे वीस वर्षं प्रत्येक रोग्याला नातवाची गोष्ट सांगत राहिले, सात महिन्यांच्या पोराला मी पाच दिवस उपाशी ठेवलं, बघा आता कसा आहे. ती ऐकून बायका आपापली पोरं उपाशी ठेवायला घरी निघायच्या. सासूबाई मागच्या दारी उभ्या असायच्या. कडेवर पोर असलेली बाई दिसली की तिला परसातून आत घ्यायच्या, पेज कशी करायची ते दाखवायच्या, आणि घरात कुणी विचारलं तर वैद्यांचा काढा म्हणून सांग म्हणायच्या. पाटीवर जितकी नावं, त्याहून एक बोळकं शेगडीवर नेहमी जास्त असे. मामंजींचं नाव आणखी लांबच्या गावांत गेलं. किती पोरं त्या मागच्या दारापर्यंत पोचली नाहीत ते मला माहीत नाही.

एकाहत्तर साली सासूबाई गेल्या. चौदाव्या दिवशी मामंजींनी औषधालय पुन्हा उघडलं. मी पाटीवरची सहा नावं बघून सहा बोळकी मांडली. पाऊण तासाने मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले, जिथे ते कधी येत नसत. शेगडीकडे बघत उभे राहिले.

"सातवं कुठंय?" म्हणाले.

मी काही बोलायच्या आत वळून गेले. त्यानंतर ते मी रोज मांडलं. एकोणऐंशीत ते गेले तोवर.

काकू कोणाचंही काही ऐकून न घेता म्हाताऱ्या झाल्या आणि मुलीकडे साताऱ्याला गेल्या. माझ्या यजमानांना मी सगळं सांगितलं ते धरण पुरं झाल्यावर. ते म्हणाले, वहिनींना आणायला जायला हवं होतं. दोन हजार तीनमध्ये ते वारले.

अक्कांना मी आणायला गेले होते, अठ्ठावन्नच्याच दिवाळीत, कराडला. त्यांच्या भावाने सांगितलं, ती पुण्याला गेली. पत्र मिळाल्यावर थोरल्या भाऊजींनी मित्रांची खोली सोडून दोन खोल्या घेतल्या होत्या. आठ वर्षं जे जमत नव्हतं ते आठ दिवसांत जमलं. मी पत्रं घातली. उत्तरात सगळ्यांची खुशाली विचारलेली असे, मुकुंदचं नाव नसे. मुंजीला आल्या नाहीत. लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या, जेवून गेल्या.

त्र्याऐंशी साली मी एकटी त्यांच्या घरी गेले. तेव्हा मी पंचेचाळीसची होते. त्यांच्या ओट्याजवळ उभी राहून मी जे बोलायला आले होते ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी मामंजींनी सातवं बोळकं मागितल्याचं सांगितलं.

अक्का हसल्या, श्रावणात हसल्या होत्या तशा. "तुला काय वाटलं? लागायला आलेला काढा ज्याला ओसरीवरून कळतो, त्याला पेजेचा वास कळत नाही होय?" त्यांनी पातेल्यात साखर घातली. "त्या दिवशी माझ्या पदराजवळ उभे राहिले ना ते. त्यांना सगळं कळलं होतं. सासू-सासरे दोघांनाही माहीत होतं. राहिली होतीस तू."

चहाला उकळी यायला लागली. त्यांनी गॅस बारीक केला.

"एक विचारू, नलू? ते जमालगोट्याचं. ते त्या दिवशी सुचलं तुला, की माझ्याबद्दल आधीपासूनच काही होतं मनात?"

खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलले होते.

"बारशापासून," मी म्हणाले.

"मला वाटलंच," अक्का म्हणाल्या. चहा गाळला, आणि पहिला कप मला दिला.

त्या चौऱ्याण्णवला गेल्या. मुकुंद आता सहासष्ट वर्षांचा आहे, जेवायला बसला की अजून ताट दोन्ही हातांनी धरतो. त्याला यातलं काही माहीत नाही. बोंडलं नातसुनेने घासूनपुसून काचेच्या कपाटात मांडलंय, पाहुण्यांना दिसावं म्हणून चकचकीत बाजू पुढे करून. ती खोलीबाहेर गेली की मी उठते, आणि पोचा आलेली बाजू पुढे करून ठेवते.